शागीर्द, उमेदवार आणि यजमान
विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कार्यस्थळ प्रशिक्षणाचा इतिहास : इंदूरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

इंदूर शहराच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा मंदिर आणि फूटी कोठी यांच्या परिसरात, सुदामा नगर ही मोठी निवासी वसाहत आहे. हिंदी व माळवी बोलणाऱ्यांबरोबर मराठी कुटुंबांचीही तेथे वस्ती आहे. या वसाहतीपासून काही किलोमीटरवर अणुऊर्जा विभागाचे राजा रामन्ना प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे. नैऋत्येला धार जिल्ह्यातील पिथमपूरचे कारखाने आहेत. शहराच्या दुसऱ्या बाजूला कृषी महाविद्यालयाचा जुना परिसर आहे. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी काही आठवडे वा महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकावे, या व्यवस्थेचा शंभर वर्षांचा इतिहास एवढ्या टापूत पाहता येतो.

वसाहतीच्या नावामागची कथाही या विषयापासून दूर नाही. उज्जैन येथील सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि परंपरेने सुदामा म्हणून ओळखला जाणारा त्याचा मित्र एकत्र शिकत होते. भागवताच्या दशम स्कंधातील कथेनुसार गुरुपत्नीने दोघांना सरपण आणण्यास पाठवले. वादळी पावसात ते रानात वाट चुकले आणि रात्र तेथेच काढावी लागली. सूर्य उगवताच सांदीपनी स्वतः त्यांना शोधत रानात आले. विद्यार्थी शिकता शिकता काम करतो ही बाब या कथेत आहेच. परंतु कामावर पाठवलेल्या विद्यार्थ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही तीत आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे.

कार्यस्थळ प्रशिक्षणाविषयी लिहिताना बहुधा विद्यार्थ्याचा विचार होतो. त्याने काय शिकले, त्याला नोकरी मिळाली का, हे विचारले जाते. त्याला आपल्या दारात घेणाऱ्या यजमान संस्थेचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात हा इतिहास यजमानाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत या विषयाचे बहुतेक शब्द फारसीतून आले आहेत, आणि त्यांचा प्रवास उद्बोधक आहे. ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला आणि तालमीत स्थिरावला. ‘हुनर’चा ‘हुन्नर’ झाला. ‘कारखाना’ हा शब्द तर राज्यव्यवहाराचा भागच होता. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल यांची गणना होते. अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या शंभरावर कारखान्यांचा उल्लेख केला आहे. त्याही आधी, चौदाव्या शतकात, फिरोजशाह तुघलकाच्या पदरी छत्तीस कारखाने होते आणि त्याच्या गुलामांपैकी बारा हजार जण निरनिराळे हुन्नर शिकून कारागीर झाले होते, असे शम्स सिराज अफीफ नोंदवतो. या कारखान्यांत उत्पादन होई तसे शिक्षणही होई, पण शिकणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निये याने तर येथे कशिदाकाराचा मुलगा कशिदाकारच होतो, असे निरीक्षण केले आहे. कामाच्या जागेचे दार जन्माने उघडत होते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

‘शागीर्द’ या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. फारसीत आणि उर्दूत शागीर्द म्हणजे शिष्य. उर्दू काव्यपरंपरेत उस्ताद आणि शागीर्द हे नाते आजही मानाचे आहे. मराठी दप्तरांत मात्र ‘शागीर्दपेशा’ हा शब्द राजवाड्यातील खिजमतगार, हरकामे अशा चाकरवर्गासाठी वापरलेला आढळतो. शिकण्यासाठी उस्तादाजवळ राहिलेला मुलगा त्याची वरकड कामे करता करता चाकर ठरतो, ही सामाजिक वस्तुस्थिती या एका शब्दात गोठली आहे.

दुसरा शब्द ‘उमेदवार’. उमेद बाळगणारा तो उमेदवार. ब्रिटिश अमदानीत कचेऱ्यांमधून नोकरीच्या आशेने बिनपगारी काम करणाऱ्या तरुणांना उमेदवार म्हणत, आणि ‘उमेदवारी करणे’ या मराठी वाक्प्रचाराचा अर्थ त्यातूनच आला. कचेरीत कोणाला बसू द्यायचे हे ओळखीवर ठरे आणि किती दिवस बसवायचे याला मर्यादा नसे. पुढे १९६१ चा कायदा आला तेव्हा मराठीत त्याच्यासाठी ‘शिकाऊ उमेदवार’ हाच शब्द रूढ झाला. कारखान्यातील ‘मिस्त्री’ मात्र पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थही उस्ताद असाच आहे.

शागीर्दाचा चाकर होणे आणि उमेदवाराचे ताटकळणे, हे दोन धोके आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. आधुनिक व्यवस्थांची पारख याच दोन कसोट्यांवर करणे योग्य ठरेल.

शाळेला जोडलेला कारखाना

एकोणिसाव्या शतकात कालवे, रस्ते, लोहमार्ग यांच्या बांधकामासाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ साली स्थापन झाले ते गंगा कालव्याच्या कामालगत. कालवा हीच विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा होती. पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा उद्देश होता. हीच संस्था १८८० मध्ये ‘कॉलेज ऑफ सायन्स’ आणि १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथून १८८३ साली उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. शिक्षण देणारे, काम देणारे आणि नोकरी देणारे हे सारे एकच सरकार असल्याने विद्यार्थ्याला कोणाचे दार ठोठवावे लागत नसे. अर्थात अशा जागा मोजक्याच होत्या.

खासगी गिरण्या आणि कारखाने वाढू लागले तसे हे चित्र बदलले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. बडोद्यास १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. लोकांकडून पैसा पैसा जमवून उभारलेल्या या कारखान्याचा हेतू काच विकण्याइतकाच काचेचे जाणकार तयार करण्याचाही होता. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मार्गदर्शक होते. जमशेदपूरला १९२१ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्याने स्वतःची तंत्रशाळा काढली, कारण परदेशातून करारावर आणलेल्या फोरमनांची जागा घेऊ शकतील असे भारतीय तरुण तयार नव्हते.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कारखान्याला शिकलेल्या माणसांची गरज होती आणि तो शिकवण्याचा खर्च स्वतः सोसत होता. परंतु सर्वसाधारण गिरणीत असे घडत नव्हते. तेथे भरतीची किल्ली मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, हाती होती. तो आपल्या गावचा, नात्याचा, ओळखीचा माणूस आणी. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कामगारांची नोंदणीपद्धत आली, तिचा एक हेतू जॉबरच्या या सत्तेला आळा घालणे हा होता. तंत्रशिक्षण घेतलेल्या पण ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला खात्यात पाऊल टाकणे किती अवघड असेल, याची यावरून कल्पना येते.

परदेशांतही याच सुमारास नव्या वाटा शोधल्या जात होत्या. इंग्लंडमधील संडरलँड येथे १९०३ पासून विद्यार्थी काही महिने महाविद्यालयात आणि काही महिने कारखान्यात, अशा आलटून पालटून चालणाऱ्या अभ्यासक्रमास सुरुवात झाली. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ साली सत्तावीस विद्यार्थ्यांनिशी असाच प्रयोग केला. अभियांत्रिकीचा काही भाग वर्गात शिकवताच येत नाही, तो कामाच्या जागीच शिकावा लागतो, असे त्याचे म्हणणे होते. या पद्धतीत कारखाना आणि विद्यापीठ यांच्यात करार असे आणि विद्यार्थ्याला कामाचा मोबदला मिळे. बिनपगारी उमेदवारीहून ही कल्पना मूलतः वेगळी होती.

इंदूरचा प्रयोग : १९२४ नंतर

इंदूरच्या इतिहासात या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे पान मात्र कारखान्याचे नसून शेतीचे आहे. बिहारमधील पुसा येथे १९०५ पासून काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड हे १९२४ साली इंदुरास आले. होळकर दरबाराने जमीन दिली, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैसा पुरवला आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. या समितीचे उत्पन्न १९२३ च्या कायद्याने कापसावर बसवलेल्या उपकरातून येत असे. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या मालावर घेतलेला पैसा संशोधनात आणि ते संशोधन पुढे चालवणारी माणसे तयार करण्यात गुंतवला जात होता. विज्ञानाच्या पदवीधरांना कापसाच्या संशोधनात तयार करणे हा संस्थेच्या कार्याचा एक भाग होता.

येथे येणाऱ्या तरुणाला काय पाहावयास मिळे, हे हॉवर्ड दांपत्याच्या १९२९ मधील पुस्तकावरून आणि पुढील लेखनावरून समजते. प्रयोगशाळा आणि शेत यांच्यात भिंत नव्हती. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी कसे साचते, त्याने कापसाच्या मुळांचे काय होते, बैलांना वर्षभर चारा कसा पुरवायचा, हे सारे एकाच प्रश्नाचे भाग मानले जात. हॉवर्ड स्वतः शेतकऱ्याला आणि पिकावरील किडीलाही आपले शिक्षक मानत. संस्थेतील मजुरांच्या बाबतीत कामाचे मर्यादित तास, वेळेवर वेतन, राहण्याची सोय आणि औषधोपचार या गोष्टी त्यांनी कटाक्षाने पाळल्या आणि त्यामुळे काम सुधारले असे नोंदवले. कामाची जागा नीट नसेल तर तेथे शिक्षणही नीट होत नाही, ही जाण त्यामागे दिसते.

जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजलेले कंपोस्ट खत येथेच आकाराला आले. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल आणि हवा राखायची आणि ठराविक अंतराने तीनदा उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. ही रीत शेतकऱ्याला जमेल अशी साधी दिसते, पण तिच्यामागे नत्र आणि कर्ब यांच्या प्रमाणाचे, सूक्ष्मजीवांच्या कार्याचे, दिवसागणिक तापमानाचे काटेकोर मोजमाप होते. ते रसायनशास्त्राचे काम करणाऱ्यांत प्रमुख होते यशवंत वाड. या पद्धतीचे मूळ पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड अशी दोघांची नावे होती. वाड हे विद्यार्थी नव्हते, संस्थेचे पगारी रसायनशास्त्रज्ञ होते. तरीही वसाहतकाळात इंग्रज संचालकाने आपल्या भारतीय सहायकाचे नाव सहलेखक म्हणून शेजारी छापावे, ही घटना त्या संस्थेतील कामाच्या संस्कृतीविषयी पुष्कळ सांगते. हॉवर्ड १९३१ मध्ये इंदुराहून गेल्यावरही काम थांबले नाही. १९३४ साली वस्तीतील मैला व कचरा यांच्या विल्हेवाटीस हीच पद्धत लावण्याविषयी जॅक्सन आणि वाड यांनी लिहिले.

दुसरे उदाहरण विनायक गोविंद पानसे यांचे. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जोसेफ हचिन्सन १९३३ ते १९३७ या काळात इंदूरच्या याच संस्थेत होते. त्यांच्या सहवासात पानसे यांनी कापसाच्या पैदाशीवर आणि शेतावरील प्रयोगांच्या आखणीवर काम केले. पुढे ते देशातील अग्रगण्य कृषिसंख्याशास्त्रज्ञ झाले. त्यांनी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यासह लिहिलेले कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि पिढ्यानुपिढ्या कृषी विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. शेतात शिकलेले शास्त्र त्यांनी शेतात काम करणाऱ्यांसाठी पुन्हा मांडून दिले, असे म्हणता येईल.

वाड आणि पानसे या दोन उदाहरणांतून यजमान संस्थेच्या कर्तव्याची व्याख्या करता येते. नव्याने येणाऱ्यास खरा प्रश्न द्यावा, जाणत्याचा सहवास द्यावा आणि त्याने केलेल्या कामाचे श्रेय त्याच्या नावे नोंदवावे. यांतील एक जरी गोष्ट नसेल तरी शागीर्दाचा शागीर्दपेशा होण्यास वेळ लागत नाही.

कायद्याचे दार

स्वातंत्र्यानंतर उद्योग वाढले आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थाही वाढल्या. इंदुरात १९५२ साली सेठ गोविंदराम सेक्सरिया यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. इंदूर विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पुढे त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. विद्यार्थी अनेक आणि कारखान्यांची दारे थोडी, अशी स्थिती देशभर होती.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली संमत झाला. प्रारंभी तो कुशल कामगारांच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले, तर १९८६ मध्ये व्यवसाय अभ्यासक्रम केलेल्या विद्यार्थ्यांचाही समावेश झाला. पश्चिम विभागासाठी मुंबई येथे असलेल्या प्रशिक्षण मंडळाच्या कक्षेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा यांच्याबरोबर मध्य प्रदेशही येतो. त्यामुळे इंदूरचा पदवीधर आणि पुण्याचा कारखाना एका व्यवस्थेने जोडले गेले.

या कायद्याचे बारकाईने वाचन केले तर जुन्या उमेदवारीचे दोष दूर करण्याचा प्रयत्न त्यात स्पष्ट दिसतो. उमेदवाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्याची नोंद होते. मुदत ठरलेली असते. विद्यावेतन द्यावे लागते, आणि पदवीधर व पदविकाधारकांच्या बाबतीत त्याचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलत आले आहे. अपघात झाल्यास भरपाईची तरतूद आहे. कारखान्याच्या मालकाला स्वतःला त्या व्यवसायाचे ज्ञान नसेल तर योग्य पात्रतेची व्यक्ती प्रशिक्षणावर नेमण्याचे बंधन आहे. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवावी लागते. अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद १९७३ च्या दुरुस्तीने आली, इतर मागासवर्गीयांसाठीची पुढे २००७ मध्ये आली. झाबुआ किंवा धार जिल्ह्यातील आदिवासी घरातून पहिल्यांदा शिकलेल्या मुलाला पिथमपूरच्या दारात उभे राहताना कोणाची चिठ्ठी लागू नये, या दृष्टीने या तरतुदीचे मोल आहे.

तथापि कायद्याला मर्यादाही आहेत. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे कायदा सांगतो, आणि मुदतीनंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर घालत नाही. त्यामुळे काही ठिकाणी उमेदवारांकडून कायम कामगाराचे काम करून घेतले जाते, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. महाविद्यालयात शिकत असताना काही आठवड्यांसाठी येणारा विद्यार्थी तर बहुतांशी या कायद्याच्या बाहेरच राहतो. त्याचा आधार महाविद्यालयाचे पत्र आणि यजमानाची सदिच्छा एवढाच असतो.

पिथमपूर आणि प्रगत प्रौद्योगिकी केंद्र

१९८० चे दशक इंदूरच्या दृष्टीने निर्णायक ठरले. पिथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात वाहन उद्योगाचे कारखाने उभे राहिले. आयशरने जपानी सहकार्याने मालमोटारींचा कारखाना काढला, तर पुण्याच्या बजाज टेम्पो व कायनेटिक या उद्योगांनीही तेथे उत्पादन सुरू केले. महाराष्ट्रातून तंत्रज्ञ आले. इंदूरच्या यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच घराजवळ मोठी जुळणीशाखा पाहावयास मिळाली.

याच दशकात, १९ फेब्रुवारी १९८४ रोजी, तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत प्रौद्योगिकी केंद्राची पायाभरणी झाली. इंदूरकर आजही त्याला ‘कॅट’ म्हणून ओळखतात. डिसेंबर २००५ मध्ये त्याला शास्त्रज्ञ राजा रामन्ना यांचे नाव देण्यात आले. लेसर आणि कणत्वरक हे या केंद्राचे मुख्य विषय. ‘इंडस-१’ हे ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे साठवण वलय १९९९ साली कार्यान्वित झाले. त्यानंतर सुमारे १७२ मीटर परिघाचे ‘इंडस-२’ उभे राहिले, त्याची ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. या वलयांत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन वळताना जे तीव्र प्रारण बाहेर टाकतात, त्याचा उपयोग पदार्थांची रचना पाहण्यासाठी होतो.

असे यंत्र कोणत्याही एका विद्यापीठाला परवडणारे नाही. म्हणूनच त्याचे दार विद्यापीठांसाठी उघडे ठेवणे ही राष्ट्रीय गरज ठरते. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी याच हेतूने एक स्वतंत्र संशोधन संस्था निर्माण केली आणि तिचे मुख्यालय इंदूर विद्यापीठाच्या खंडवा मार्गावरील परिसरात ठेवले. लहान गावातील महाविद्यालयाचा संशोधकही आपला नमुना घेऊन येथे येऊ शकतो. त्याचा प्रस्ताव तपासला जातो आणि मान्य झाल्यास यंत्रावर वेळ मिळतो. केंद्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम आणि प्रकल्पकार्याचीही सोय झाली. एका शास्त्रज्ञाकडे एखादा विद्यार्थी सोपवला जातो. हे नाते वर्गातील शिक्षकाचे नाही आणि कारखान्यातील साहेबाचेही नाही. उस्तादाचे जुने नातेच येथे नव्या रूपात आढळते.

मात्र या दोन यजमानांमधील फरक लक्षात घेतला पाहिजे. संशोधन केंद्राचे काम ज्ञाननिर्मितीचे आहे. विद्यार्थ्याने चुकीचे मोजमाप केले तर ते पुन्हा करता येते, किंबहुना चूक शोधणे हाच शिक्षणाचा भाग असतो. जुळणीशाखेवर मात्र मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. तेथे नवशिक्याची चूक महागात पडते, प्रसंगी धोक्याचीही ठरते. म्हणून कारखाना विद्यार्थ्याला बहुधा दूर उभा करून दाखवतो, नाहीतर कागदपत्रांच्या कामाला बसवतो. हा दोष एकट्या कारखान्याच्या माथी मारता येत नाही. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला कोणत्या तयारीने पाठवले, कोणता प्रश्न हाती दिला, मधल्या काळात कोणी शिक्षक तेथे जाऊन आला का, हेही विचारले पाहिजे. पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले तेव्हा याच प्रश्नाचे उत्तर शोधले होते. विद्यार्थ्यांबरोबर संस्थेचे प्राध्यापकही उद्योगात जात आणि मूल्यमापन तेथेच होई.

सक्ती आणि ओळख

गेल्या काही वर्षांत कार्यस्थळ प्रशिक्षण अपवाद राहिलेले नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात त्याला श्रेयांक देऊन पदवीचा आवश्यक भाग केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही त्यावर भर दिला. हेतू स्तुत्य आहे. परंतु एकाच शहरातील हजारो विद्यार्थी एकाच उन्हाळ्यात दार ठोठावू लागले की दोन परिणाम संभवतात. ज्याच्या घरी अभियंता, व्यवस्थापक वा प्राध्यापक आहे त्याला चांगली जागा मिळते. ज्याच्या घरी कोणी नाही त्याला पैसे भरून घेतलेल्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागते. जॉबर गेला, पण ओळखीचे राज्य गेले नाही. मुलींच्या बाबतीत तर प्रवासाची साधने, कामाच्या वेळा आणि राहण्याची सोय यांवरच दार उघडे की बंद हे ठरते.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातील पाचशे मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांची संधी आणि दरमहा पाच हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. अर्ज एकाच संकेतस्थळावर स्वीकारले गेले आणि जास्त उत्पन्नाच्या घरांतील तसेच नामवंत संस्थांतून पदवी घेतलेल्या तरुणांना वगळण्यात आले. किमान निम्मा काळ प्रत्यक्ष कामात गेला पाहिजे अशीही अपेक्षा होती. ओळखीची जागा नियमाने घ्यावी, हा यामागील विचार १९७३ च्या दुरुस्तीशी नाते सांगणारा आहे. पण दार उघडल्यानंतर आत कोण भेटतो, हे कोणतीही योजना ठरवू शकत नाही.

समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विद्यार्थ्याला कामाच्या जागी शिकवण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही, मात्र जन्म आणि ओळख यांच्यापासून ती मुक्त करण्याचे काम आधुनिक काळाने केले आणि ते अजून पुरे झालेले नाही. दुसरा असा की, जेथे यजमानाला स्वतःला शिकलेल्या माणसांची गरज होती तेथे हे प्रशिक्षण फळाला आले, आणि जेथे ते केवळ नियमाची पूर्तता म्हणून झाले तेथे प्रमाणपत्रे उरली. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, यंत्रे, इमारती, विद्यावेतन या सर्वांहून अधिक निर्णायक ठरते ती विद्यार्थ्यासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती. १९६१ च्या कायद्याने तिची अट घातली, पिलानीने तिला प्राध्यापकाचे रूप दिले आणि इंदूरच्या शेतावर ती संशोधकाच्या रूपाने प्रत्यक्ष वावरत होती.

यावरून शिक्षणसंस्थांना काही साधी कामे करता येण्यासारखी आहेत. विद्यार्थ्याला पाठवण्यापूर्वी यजमानाकडील मार्गदर्शकाचे नाव लेखी घ्यावे. विद्यार्थ्याच्या हाती एक निश्चित प्रश्न द्यावा. मुदतीच्या मध्यास शिक्षकाने एकदा तरी कामाच्या जागी जावे. जागा वाटताना ज्यांच्या घरी ओळख नाही त्यांचा विचार प्रथम करावा. परत आल्यावर विद्यार्थ्याने काय केले हे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच नावाने नोंदवावे. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही.

सुदामा द्वारकेला पोहोचला तेव्हा राजा त्याच्या ओळखीचा होता. आज सुदामा नगरातून पिथमपूरकडे निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची अशी ओळख असणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नसावी. त्याला गरज आहे ती रानात रात्र काढलेल्या शिष्यांना पहाटे शोधायला निघालेल्या गुरूची. असा माणूस महाविद्यालयात आणि कारखान्यात, दोन्हीकडे असला तर ‘उमेदवार’ या शब्दातील उमेद सार्थ ठरेल.